भूक नाही म्हणणारी गोजाबाई

एक होतं बंदर. या गोष्टीत राजा नाही बरं का. म्हणजे होता, पण तो लांब राहायचा आणि त्याला कुणाची काही फिकीर नव्हती. म्हणून आपणही त्याला गोष्टीत घ्यायचं नाही. सरका जरा. पाय पांघरुणात घ्या. हां.

तर त्या बंदरात एक दोर वळणारा राहायचा. त्याचं नाव धाकू. त्याच्या बायकोचं नाव गोजाबाई. त्यांना तीन मुलं. थोरली शेवंती, मधला भिवा आणि धाकटी ठकी. ठकी एवढीशी होती. पुढचे दोन दात नुकतेच पडलेले, त्यामुळे हसली की फार गोड दिसायची आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

धाकू काय करायचा? नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, खाडीत भिजत घालायचा. कुजली की झोडायचा. मग त्यातून काथ्या निघायचा आणि त्या काथ्याचे तो दोर वळायचा, मनगटाएवढे जाड. त्या दोरांनी मोठमोठी गलबतं बांधून ठेवायची. वादळात एखादं गलबत मोडायचं, पण धाकूचा दोर तुटायचा नाही.

मग एका वर्षी काय झालं, बंदरात गाळ भरला. पाणी उथळ झालं. आधी मोठी गलबतं यायची थांबली, मग मधली, मग लहान. सगळी दुसऱ्या बंदराला जाऊ लागली. आता गलबतच नाही तर दोर कुणाला हवा? शिडं शिवणारे घरी बसले. हमाल घरी बसले. बंदरावर पोहे विकणारी म्हातारी होती, तीही बसली. आणि धाकूच्या ओसरीवर दोरांची वेटोळी नुसती पडून राहिली. मांजरीनं एका वेटोळ्यात पिल्लं घातली, तेवढाच काय तो उपयोग.

धाकू कपाळाला हात लावून बसला. गोजाबाई म्हणाली, "अहो, असं बसून काय होणार? घर माझ्याकडे लागलं. काटकसरीनं राहू. दिवस काय असेच राहतात होय?"

आणि काय सांगू, काटकसर करावी तर गोजाबाईनं! आधी गूळ बंद केला. मग फोडणीचं तेल कमी केलं, नुसतं बोट बुडवून कढईला लावायची. एक नारळ चार दिवस पुरवायची. सारातली आमसुलं फेकायची नाही, वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायची. भोपळ्याची भाजी खाल्ली की सालींची चटणी, सालींची चटणी संपली की बियांची चटणी. तुम्ही मघाशी दोडक्याकडे बघून नाकं मुरडलीत ना, त्या घरी असतात तर कळलं असतं.

दिव्याचं तेलही वाचवायचं होतं. म्हणून गोजाबाईनं ठरवलं, दिवा लागला की लगेच जेवायचं, लगेच अंथरुणं घालायची आणि दिवा मालवायचा. आणि तिथंच तर घात झाला!

कसा ते सांगते. ऐका नीट. घर बांधतात तेव्हा एका कोपऱ्यात जमिनीखाली वास्तुपुरुष बसवतात, माहीत आहे ना? बसवतात म्हणायचं, पण तो पालथा निजलेला असतो. दिवसभर घोरतो. दिवेलागणीला तेवढा जागा होतो. त्याचे कान फार तिखट, अक्कल मात्र बेताची. घरातलं माणूस स्वतःबद्दल एखादी गोष्ट त्रिवार बोललं, म्हणजे तीनदा, की हा जमिनीखालून म्हणतो, "तथास्तु." तसंच होवो. त्याला थट्टा कळत नाही. त्याला खोटंही कळत नाही. म्हणून तर दिवेलागणीला वेडंवाकडं बोलू नये म्हणतात.

तर एका संध्याकाळी गोजाबाईनं दिवा लावला. मुलांनी शुभंकरोती म्हटलं. सगळे जेवायला बसले. आता आणखी काटकसर करायला घरात काही उरलं नव्हतं. भाकऱ्या चारच होत्या आणि माणसं पाच. गोजाबाईनं चौघांना वाढलं आणि आपण पाण्याचा तांब्या घेऊन बसली.

धाकू म्हणाला, "गोजे, तुझं पान?"

"मला भूक नाही."

"अगं, माझ्यातली अर्धी घे."

"नको हो. मला भूक नाही."

"चतकोर तरी घे. माझी शपथ आहे."

"एकदा सांगितलं ना? मला भूक नाही!"

झालं त्रिवार. जमिनीखाली वास्तुपुरुष कूस बदलत म्हणाला, "बाई एवढं कळकळीनं सांगते आहे, म्हणजे खरंच असणार. तथास्तु."

आणि गोजाबाईची भूक गेली. एकदम गेली! पोटात कालपासून कावळे कोकलत होते, ते उडूनच गेले. दुसऱ्या दिवशी भूक नाही, तिसऱ्या दिवशी नाही. गोजाबाईला केवढा आनंद झाला! "एका माणसाचा खर्च वाचला," म्हणाली, "देवच पावला." पण तिच्या हातची चव गेली. पेजेत मीठ कधी दुप्पट पडायचं, कधी पडायचंच नाही. आणि एक दिवस शेवंतीनं बघितलं, आईनं ओलं सारवलेलं अंगण ओलांडलं, पण तिचं पाऊल काही उमटलं नाही.

मग थंडी आली. घरात गोधड्या दोनच. एक धाकूची आणि भिवाची, एक गोजाबाईची आणि दोघी मुलींची. ती दुसरी गोधडी अशी आखूड की एकीचं अंग झाकलं की दुसरीचं उघडं. अंथरुणं घातली आणि गोजाबाई गोधडी मुलींवर टाकून आपण बाहेर सरकली.

शेवंती म्हणाली, "आई, आत ये ना."

"मला थंडी वाजत नाही."

"तुझे दात वाजताहेत, आई."

"ते वाजतात सवयीनं. मला थंडी वाजत नाही."

धाकू आपली गोधडी घेऊन उठला. ती म्हणाली, "पोराला उघडं टाकू नका. मला थंडी वाजत नाही म्हटलं ना?"

जमिनीखाली आवाज झाला, "तथास्तु."

गोजाबाईची थंडी गेली. आता बर्फाच्या लादीवर निजवली असती तरी ती निजली असती. पण थंडी गेली तशी ऊबही गेली. पहाटे ठकी तिला येऊन बिलगायची, तर गोजाबाईला काहीच वाटायचं नाही, ना गरम, ना गार. आणि वारा सुटला की तिला दाराची चौकट धरून उभं राहावं लागायचं. इतकी हलकी झाली होती.

मग काय झालं, धाकूला एक लहानसं काम मिळालं. कुणाच्या तरी पाळण्याला दोर हवा होता. चार पैसे हातात आले. धाकूला वाटलं, बायकोचे हात ओकेबोके आहेत, तिला हिरवी काकणं घेऊ. संध्याकाळी धावत घरी आला. दिवा लागला होता.

"गोजे, चल कासाराकडे. काकणं भरून घे."

"मला काही नको. पोरांना तांदूळ आणा."

"तांदूळ आणून उरलेत गं. मग लुगडं घेऊ? निदान फणी?"

"मला काही नको."

"असं काय करतेस? तुला काहीच कसं नको?"

आणि ती बया काय म्हणाली असेल? "मला काही नको! काही म्हणजे काही नको!"

तथास्तु.

तुला रे काय झालं डोळे मोठे करायला? अजून पुढं आहे. झोप.

त्या दिवसापासून गोजाबाईला काही हवंसं वाटेना. मुलांचं सगळं करायची हं. न्हाऊ घालायची, वेणी घालायची, निजवायची. पण स्वतःहून कुणाला जवळ घ्यायची नाही. एकदा ठकी तिच्या मांडीवर बसली होती. तिनं आईची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली आणि विचारलं, "आई, तुला मी हवी का गं?"

गोजाबाईनं खूप विचार केला. मग खरं तेच सांगितलं. "मला काही नको, बाळ."

ठकी रडली नाही. मांडीवरून उतरली आणि मांजरीच्या पिल्लांजवळ जाऊन बसली. मला तर हे सांगतानाही कसंसंच होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोजाबाईचे पाय जमिनीवरून सुटले. आधी बोटभर, मग वीतभर, मग हातभर. वर वर जात ती आढ्याला टेकली! खरंच सांगते. माणसाला जमिनीला धरून काय ठेवतं? भूक ठेवते, थंडीवारा ठेवतो, हे हवं ते हवं ठेवतं. ते सगळं गेलं, मग राहिलं काय तिला धरून ठेवायला? ती घाबरली मात्र नाही. "वर आलेच आहे तर जळमटं काढते," म्हणाली. "भिवा, केरसुणी दे वर."

धाकू घाबरला. त्यानं ओसरीवरचा सगळ्यात चांगला दोर आणला, एक टोक तिच्या कमरेला बांधलं आणि दुसरं घराच्या खांबाला. धाकूचा दोर तुटणारा नव्हता. पण खांब होता जुना, वाळवी लागलेला. आणि छप्पर होतं झावळ्यांचं. खाडीवरून वारा आला की झावळ्या उडायच्या, गोजाबाई वर ओढली जायची आणि खांब करकरायचा. सगळ्यांना कळून चुकलं की एखाद्या दिवशी मोठा वारा येणार, खांब मोडणार आणि गोजाबाई दोरासकट समुद्रापार जाणार.

त्या संध्याकाळी धाकूला दिवेलागणीचं ते त्रिवार बोलणं आठवलं आणि तो वास्तुपुरुषाच्या कोपऱ्यात आडवा झाला. जमिनीला तोंड लावून म्हणाला, "बाबा, हे काय केलंस रे?"

खालून आवाज आला, "मी काय केलं? बाईनं त्रिवार सांगितलं, मी तथास्तु म्हटलं. माझं कामच ते."

"मग आता उलटं म्हण ना. तिला भूक लागू दे, तिला थंडी वाजू दे, तिला काहीतरी हवंसं वाटू दे."

"दुसऱ्यानं सांगून चालत नाही. ज्याचं त्यानं आपल्या तोंडानं मागावं. तेही तीनदा."

धाकूनं वर बघून हात जोडले. "गोजे, म्हण ना तेवढं, मला भूक लागली."

"पण मला नाही लागली."

"खोटं म्हण."

"कशाला हो? भाकरी उगाच वाया जाईल." बघा! काटकसर काही सुटली नव्हती.

मग शेवंतीनं ठरवलं, आईला भूक लागेल असंच करायचं. तिनं राखून ठेवलेले मूठभर तांदूळ शिजवले, वर कुळथाचं पिठलं केलं, लसूण घालून. वास असा सुटला की शेजारची चार माणसं दारात आली. गोजाबाई वरून म्हणाली, "छान जमलंय, शेवंते. तुम्ही खा."

मग भिवानं ठरवलं, आईला थंडी वाजेल असं करायचं. त्यानं पुढचं दार उघडलं, मागचं दार उघडलं. गार वारा घरातून असा घुसला की दिवा दोनदा विझला. भिवाच शिंकायला लागला, खांबाला तडा गेला, आणि गोजाबाई म्हणते कशी, "दार लाव रे, तुला बाधेल."

सगळे दमून बसले. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. दिवा लागला. घरात एकच भाकरी होती. तीही लहानच. धाकूनं तिचे चार तुकडे केले आणि एक ठकीच्या हातावर ठेवला.

ठकीनं तो खाली ठेवला. म्हणाली, "मला भूक नाही."

भिवा म्हणाला, "खोटारडी! मघाशी रडत होतीस की भूक भूक म्हणून."

"मला भूक नाही."

"का गं असं करतेस?" शेवंतीनं विचारलं.

ठकीनं वर बोट दाखवलं. "भूक नाही म्हटलं की वर जाता येतं. मला आईजवळ जायचंय."

जमिनीखाली वास्तुपुरुषानं कान टवकारले. दोनदा झालं होतं. ठकीनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, "मला..."

आणि वरून गोजाबाई आली! दोराला धरून, हातावर हात टाकत, सरसर सरसर खाली. आता म्हणाल, तिला तर काही नको होतं, मग ती कशाला आली? अरे, तिला स्वतःला काही नको होतं. पोरीला काही नको असं ती कधी म्हणाली होती? तसं कुठली आई म्हणेल? तिनं ठकीच्या तोंडावर हात दाबला आणि ओरडली, "गप्प! खोटं बोलतेस? भूक लागली आहे तुला!"

ठकीनं हात बाजूला केला. "मग तू नाही खोटं बोललीस?"

कमरेचा दोर ताणलेला, पाय अधांतरी, वारा वर ओढतोय, आणि दोन हातांनी तिनं ठकीला धरून ठेवलेलं.

"तू म्हण," ठकी म्हणाली. "तू भूक लागली म्हण, मग मी म्हणते. नाहीतर मी येणार तुझ्याबरोबर वर."

पोर हट्टी, आणि आईला ते माहीत होतं. गोजाबाईला भूक लागली नव्हती हं. जरासुद्धा नाही. आजवर भूक असताना नाही म्हणून खोटं बोलली, आता भूक नसताना आहे म्हणून खोटं बोलायचं होतं. तिनं डोळे मिटले.

"मला भूक लागली आहे," ती म्हणाली. अगदी हळू. आयुष्यात हे वाक्य तिनं कधी उच्चारलंच नव्हतं, लाज वाटत होती.

"मोठ्यानं," ठकी म्हणाली.

"मला भूक लागली आहे."

"अजून एकदा."

"अहो, मला भूक लागली आहे! वाढा काहीतरी!" आणि हे तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडूच फुटलं.

वास्तुपुरुष म्हणाला, "हं! आता कसं! तथास्तु."

आणि धप्पकन गोजाबाई खाली! ठकीला घेऊन थेट काथ्याच्या ढिगावर. पोटात असा कावळ्यांचा थवा उतरला की विचारू नका. इतक्या महिन्यांची भूक ती. धाकूनं आपला तुकडा तिच्या तोंडात घातला. तिनं तो चावला, आणि म्हणाली, "भाकरी कच्ची आहे. कुणी भाजली?"

मग सगळे हसले आणि सगळे रडले. ठकीनंही ठरल्याप्रमाणे सांगितलं, "मला पण भूक लागली!" आणि आपला तुकडा गट्टम केला. मग भिवा म्हणाला, "आई, थंडीचं राहिलं." गोजाबाई म्हणाली, "मला थंडी वाजते, थंडी वाजते, थंडी वाजते," आणि कुडकुडायला लागली. मुलांनी दोन्ही गोधड्या तिच्यावर टाकल्या आणि स्वतः आत शिरली. तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी ठकीचं अंग ऊन लागलं.

आणि मग काय हवं ते तिला कुणी सांगावं लागलंच नाही. ठकीला पोटाशी धरून आपणहूनच सुरू झाली. "मला ठकी हवी. मला भिवा हवा. मला शेवंती हवी. मला तुम्ही हवेत हो. आणि गूळ हवा. आणि ती हिरवी काकणं पण हवीत, पुढच्या वर्षी का होईना." वास्तुपुरुष बोटं मोजत होता, किती झालं, किती झालं. शेवटी कंटाळून म्हणाला, "सगळ्यालाच तथास्तु," आणि घोरायला लागला.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी गलबतं आली. नाही आली. गाळ तसाच होता आणि काटकसर तशीच चालू होती. पण भाकरीचे चार तुकडे व्हायचे ते पाच व्हायला लागले. लहान झाले, पण पाच. ज्या दिवशी कमी असायचं त्या दिवशी गोजाबाई सांगायची, "आज कमी आहे," आणि सगळेच दोन घास कमी जेवायचे. मग धाकूला सुचलं, जाड दोर खपत नाहीत तर बारीक वळावेत. विहिरीच्या रहाटाला, गुरांच्या दाव्याला, झोपाळ्याला. भिवा आणि तो गावोगाव फिरून विकू लागले. गडगंज नाही झाले. पण मुगाची खिचडी आली, कधी गूळ आला, आणि गोजाबाईच्या हाताला पुन्हा चव आली. शेजारणी म्हणायच्या, ही आजकाल जरा हावरट झाली आहे, स्वतःचं पान आधी मांडते. म्हणू देत. त्यांचं काय जातं?

अशी ती पाचही माणसं त्या घरात सुखानं राहिली, आणि राहत असतील अजून.

चला, मिटा डोळे. आता मला उठू द्या, मी जरा स्वयंपाकघरात जाऊन येते. तुमची आई अजून जेवलेली नाही, आणि मघापासून दोनदा म्हणून झालंय तिचं, भूक नाही म्हणून.